जास्तीचे बाराशे

या भागात गेली चार वर्षं गुन्हे जवळजवळ घडलेच नव्हते आणि त्याचं श्रेय डिटेक्टिव्ह स्वतःकडे घेत असे. पोलिसांची हरकत नव्हती, कारण हा गृहस्थ त्यांना माहीतच नव्हता. दिवसा तो विमा कचेरीत कारकुनी करी. पण नजर घारीची, चाल मांजराची आणि बुद्धी, त्याच्याच शब्दांत, 'जरा जास्तच'. दुर्बीण, ठसे उमटवायची पावडर, अंधारात बघायचा चष्मा, सगळी सामग्री त्याने क्रेडिट कार्डावर घेतली होती. आजवर उलगडलेलं प्रकरण एकच, हरवलेल्या छत्रीचं. ती त्याच्याच हातात होती.

कार्डाचं कर्ज फेडायला त्याने घराचं कडक बजेट आखलं. दरमहा सहा हजार कार्डाला. प्रत्यक्ष भरणा बायकोकडे, कारण मोठी माणसं तपशिलात शिरत नाहीत. आणि एका रविवारी स्टेटमेंट वाचताना त्याचे डोळे विस्फारले. गेले तीन महिने कार्डात सात हजार दोनशे भरले जात होते.

"आई, घरात काहीतरी काळंबेरं चाललंय," तो सासूबाईंना म्हणाला. त्या मटार सोलत होत्या. मदतनीस म्हणून त्याने त्यांना परस्पर नेमून टाकलं होतं.

"काय गेलं?"

"गेलं काहीच नाही. महिन्याला बाराशे जास्तीचे येतायत."

"मग येऊ द्या की, जावईबापू."

पहिला संशय बँकेवर. पण बँकेने चुकून कुणाचं भलं केल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. दुसरा खुद्द सासूबाईंवर, कारण दोन-दोन चष्मे बाळगणारी बाई साधी नसते. तिसरा असा, की बायको कुणाला तरी धमकावून पैसे उकळत असावी. आवाज तर त्या कामाला अगदी योग्य होता. त्याने स्टेटमेंटवर पावडर टाकली. अकरा ठसे मिळाले. दहा त्याचे स्वतःचे आणि अकरावाही त्याचाच, फक्त जॅम लागलेला.

मग चहाचा कप ठेवणारं बायकोचं मनगट त्याला दिसलं. वडिलांनी दिलेलं घड्याळ ती फक्त आंघोळीपुरतं काढायची. ते तिथे नव्हतं. कधीपासून नव्हतं, ते या घारीच्या नजरेला सांगता येईना. पट्ट्याची फिकट खूणही बुजत आली होती.

त्याने लगेच हिशोब जुळवला. आपल्या दुर्बिणीपायी तिने बापाची आठवण विकली. त्याला मनापासून लाज वाटली, आणि एखादं प्रकरण उलगडूच नये असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. खालच्या आवाजात त्याने सासूबाईंना सगळं सांगितलं.

सासूबाईंनी मटार बाजूला ठेवले आणि आत हाक मारली. "अगं, ते कार्डाचे जास्तीचे बाराशे कुठून आणतेस?"

"यांच्या जिमचे," आतून उत्तर आलं. "वर्गणी बंद केली मी. तीन महिने झाले."

सरळ विचारून टाकायची ही पद्धत डिटेक्टिव्हच्या कधी डोक्यातच आली नव्हती.

"मला न सांगता?" तो आत जाऊन म्हणाला.

"सांगितलं असतं तर 'उद्यापासून नक्की जातो' म्हणाला असतात. आणि खरंच जात असतात तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी वाट बघत होते."

"आणि घड्याळ?"

"ड्रॉवरमध्ये पडलंय. सेल संपला. तुमच्या बजेटात सेल कुठे बसतो?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती कणीक मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तो जिममध्ये गेला आणि दीड वर्ष जुडग्यात मिरवलेली लॉकरची किल्ली काउंटरवर ठेवली. किल्लीची दोनशेची अनामत परत हवी होती.

"नवीन आहात का?" ट्रेनरने विचारलं.

"जुना आहे."

ट्रेनरने त्याला वरपासून पोटापर्यंत न्याहाळलं. "कुठल्या जिमचे?"

रजिस्टरात नाव सापडलं, पैसे मिळाले. घड्याळजीने एकशे ऐंशीत सेल बसवला.

घरी येऊन त्याने घड्याळ बायकोच्या मनगटावर बांधलं. तिने ते कानाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"पैसे कुठून आणलेत?"

डिटेक्टिव्हने एका दमात सगळं सांगून टाकलं, ट्रेनरसकट. सासूबाई चष्मा काढून हसल्या.

"मग उरलेले वीस?" बायकोने घड्याळाचाच हात पुढे केला.

त्या महिन्यात कार्डात सात हजार दोनशे वीस भरले गेले. त्याचा तपास मात्र कुणी केला नाही.