दुसऱ्या बाजूवरचा ढोल

"तुमच्यासमोर बसलेला माणूस साधासुधा नाही. त्याची नजर कापडातून आरपार जाते, त्याचा कान भिंतीपलीकडचं ऐकतो आणि त्याच्या बुद्धीपुढे भल्याभल्या गुन्हेगारांनी हात टेकले आहेत."

सुकदेव बोरसे स्वतःची ओळख अशी करून द्यायचा. समोर बहुतेक वेळा त्याची बायको उषाबाई असायची आणि ती मेथी निवडत असायची. भल्याभल्या गुन्हेगारांची संख्या तिने कधी विचारली नाही, हा तिचा मोठेपणा.

पोटापाण्यासाठी सुकदेव सुरतेतल्या भेस्तानच्या एका यंत्रमाग कारखान्यात विणलेल्या कापडाचे ताके तपासायचा. कापड उजेडापुढून ओढायचं, तुटका धागा किंवा तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. अर्धी हयात असं केल्यावर माणसाला वाटू लागतं की जगात सगळीकडे कुठे ना कुठे डाग आहेच आणि तो फक्त आपल्यालाच दिसणार आहे. म्हणून त्याने कार्डं छापून घेतली होती: 'सुकदेव बोरसे, खासगी गुप्तहेर. वेळ: पाळी सुटल्यावर.' आजवर त्याने सोडवलेलं एकमेव प्रकरण गल्लीतल्या हरवलेल्या चपलेचं. ती त्याच्याच पायात सापडली. गुन्हेगार मुद्देमालासह पकडला गेला, असं तो आजही छाती फुगवून सांगतो.

पण ढोलाचं प्रकरण त्याच्याही आवाक्याबाहेरचं होतं. आवाक्याबाहेर म्हणजे अंगाबाहेर नव्हे. ते अंगाशीच आलं.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून मालकाने कामगारांसाठी खोल्या बांधल्या होत्या. त्यातल्या सुकदेवच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी 'पार्श्वसंगीत रसिक मंडळ' भरायचं. या मंडळात गाण्यांना बंदी होती. गाणं काय, कोणीही ऐकतो. नायिकेने दार उघडलं, आत कोणीच नाही, आणि त्या क्षणी मागे जे वाजतं, ते ऐकायला वेगळा कान लागतो असं मंडळाचं म्हणणं होतं. सिनेमाच्या पार्श्वसंगीताची तबकडी सुकदेवच्या जुन्या बाजारातल्या रेकॉर्ड प्लेअरवर लावायची, सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायची आणि मग एकेकाने उभं राहून मत द्यायचं. मत दिल्याशिवाय चहा मिळत नसे. त्यामुळे मतं भरघोस यायची.

मंडळाचा मानबिंदू म्हणजे बाबुरावांची तबकडी. बाबुराव त्याच कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि आता मुलाकडे कामरेजला राहायचे. ही तबकडी त्यांनी तरुणपणी गाण्यांची समजून घेतली होती. घरी येऊन लावली तर गाणं एकही नाही. सिनेमा भुताखेताचा होता, तो कधी लागला आणि कधी पडला कोणाला कळलं नव्हतं. पण दुसऱ्या बाजूवरचा तिसरा तुकडा, 'नायिका जिना उतरते', हा मंडळाचा प्राण होता. बारीक व्हायोलिन, मधूनच बासरी आणि खालून सतत धडधडणारा तो ढोल! तो ऐकायला बाबुराव दर रविवारी बसने यायचे. कामरेजच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता, म्हणून तबकडी सुकदेवच्या कपाटात असायची.

"ढोल असा वाजस ना," बाबुराव मत देताना अहिराणीत म्हणायचे, "की छातीमा कोणी बसेल शे असं वाटस." असं म्हणून ते खरोखर छातीवर हात ठेवायचे.

एकच सूर वेगळा होता. सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका कंपनीत हिशेब बघणारी चंचल मंडळाची फोनवरची सभासद होती. तिने त्याच सिनेमाचं पार्श्वसंगीत कुठूनसं शोधून हेडफोनवर ऐकला आणि मंडळाच्या ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला, "काका, एमां ढोल छे ज नहीं! ढोल नाहीच! तुम्ही कोणता ढोल ऐकता?" मंडळ पोट धरून हसलं. सुकदेवने तिला कळवलं की हेडफोन बदलून बघ, आणि तेवढ्यावर न थांबता कान साफ करायचे तीन घरगुती उपाय लिहून पाठवले.

मग तो रविवार आला. सुई ठेवली, नायिका जिना उतरू लागली. व्हायोलिन आलं. बासरी आली. ढोल आला नाही.

बाबुरावांनी डोळे उघडले. "ढोल कोठे शे?"

पुन्हा लावलं. नायिका पुन्हा उतरली, ढोलाशिवाय, चोरपावलांनी. खोलीत अशी शांतता पसरली की घड्याळाची टिकटिक ऐकू आली. सुकदेवला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्या घड्याळाला आवाज आहे.

सगळ्यांचे डोळे भटूकडे वळले. भटू आणि बाबुराव शिंदखेड्याजवळच्या एकाच गावातून एकाच गाडीने सुरतेत आले होते आणि आयुष्यभर शेजारशेजारचे माग चालवत आले होते. आणि त्याच आठवड्यात भटूने तबकडीवर धूळ बसली म्हणून ती घरी नेऊन धुऊन आणली होती.

"भटू, तू बदली टाकी," बाबुराव म्हणाले. "मनी तबकडी ठेवी लिधी आन् हाई दुसरी लई उना."

"मी ढोलले हात बी नई लावा!" भटू म्हणाला.

"मंग ढोल गया कोठे?"

बाबुरावांनी जाहीर केलं, पुढच्या रविवारपर्यंत ढोल परत आला नाही तर भटूने मंडळात यायचं नाही आणि कामरेजच्या घराची पायरीही चढायची नाही. जन्माची दोस्ती एका ढोलावर आली. सुकदेव मात्र खुलला. त्याने खिशातून कार्ड काढून दोघांना एकेक दिलं, जणू ते त्याला आजच भेटत होते.

तपासाला वेळ भरपूर होता, कारण कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर शनिवारीच जळला होता आणि सगळ्यांना सक्तीची सुट्टी लागली होती. दैव हुशार माणसाच्या बाजूने असतं, याचा हा पुरावा आहे असं सुकदेवला वाटलं.

त्याने भिंग घेऊन तबकडी तपासली. वासही घेतला. साबणाचा वास आला आणि पहिला सिद्धांत तयार झाला. तपासाच्या वेळी सुकदेव पुस्तकी बोलायचा. "उषा, ध्यानपूर्वक ऐक. ढोल हे जड वाद्य आहे. ते तबकडीच्या खाचेत तळाशी बसतं. व्हायोलिन हलकं, ते वर तरंगतं. भटूने घासताना तळ खरवडला आणि ढोल मोरीत वाहून गेला!"

"मंग बासरी कशी वाचनी?" उषाबाईने विचारलं.

"ती पोकळ असते," सुकदेव म्हणाला. या उत्तरावर तो इतका खूश झाला की त्याने भटूच्या मोरीची जाळी उचलून पाहिली. तिथे ढोल नव्हता, झुरळ होतं.

दुसऱ्या सिद्धांतात संशय सुईवर गेला. ढोल वाजवणारी सुई कोणीतरी काढून व्हायोलिनवाली बसवली असावी. ज्या दुकानातून रेकॉर्ड प्लेअर घेतला होता तिथे जाऊन त्याने विचारलं, "ढोलाची सुई आहे का?" दुकानदाराने त्याला पाणी दिलं आणि सावलीत बसायला सांगितलं.

तिसरा सिद्धांत भयंकर होता. चंचल! तिला ढोल कधीच ऐकू आला नव्हता. म्हणजे तिचा ढोल आधी चोरीला गेला, आता बाबुरावांचा. सुरतभर ढोल चोरणारी टोळी फिरत होती! पण तिला फोन करून "तुझा ढोल शेवटचा कधी पाहिलास?" असं विचारल्यावर तिने आईला फोन दिला.

शिवाय रात्री झोप येत नव्हती. अंथरुणावर पडलं की कानात नुसती पोकळी. गल्लीतली तान्ही मुलंही रडत उठायची. हे सगळं गूढ प्रकरणाच्या ताणाने होतंय, थोर गुप्तहेरांचं असंच होतं, अशी सुकदेवने स्वतःची समजूत घातली. बायको आठवडाभर घरात ओरडून बोलतेय हेही त्याने टिपलं. ती नेहमीच तसं बोलायची, पण आता ते टोचत होतं. तिच्यावरही थोडा संशय ठेवायचं त्याने ठरवलं. तो संशय अर्थातच त्याने मनातच ठेवला. तो मूर्ख असेल, पण इतका नव्हता.

शनिवार आला आणि सुकदेवच्या हातात काहीच नव्हतं. त्या दिवशी भटू त्याच्या दारात येऊन उभा राहिला. कपड्यात गुंडाळलेली भाकरीची चवड त्याने उषाबाईच्या हातात दिली आणि म्हणाला, "सुकदेवभाऊ, काही बी करा. मी बाबुरावना घर दोन खेपा जाई उनू. दार उघडं नई." मग तो निघून गेला. सुकदेवला भिंगाची लाज वाटली. आपण खेळ खेळत होतो आणि या माणसाचा जीव टांगणीला लागला होता, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. दिसून उपयोग काही नव्हता. डोक्यात चौथा सिद्धांतच येत नव्हता.

रविवारी मंडळ जमलं. बाबुराव भिंतीकडे तोंड करून बसले. भटू दाराशी उभा राहिला. सुकदेव खाटेवर चढला, कारण थोर गुप्तहेर शेवटी सगळ्यांना गोळा करून उभ्याने बोलतो हे त्याला माहीत होतं. काय बोलतो, ते मात्र माहीत नव्हतं. वेळ काढायला त्याने तबकडी लावली.

व्हायोलिन. बासरी. नायिका आठवडाभर होती तशीच अनवाणी.

"पाहिलं?" बाबुराव म्हणाले. "नई ना."

"मी जास," भटू म्हणाला आणि चपला शोधू लागला.

आणि तेवढ्यात ढोल आला. आधी एक ठोका, मग दुसरा, मग अख्खा ताफा. धड धड धड धड! भांडी हलली, खाट हलली, खाटेवरचा सुकदेव हलला. बाबुरावांचा हात आपोआप छातीवर गेला.

"गुन्हेगार याच खोलीत आहे!" सुकदेव गरजला. "माझ्या उपस्थितीला घाबरून त्याने ढोल परत केला आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी सुकदेवच्या पाया पडलं. एकाने शिट्टी वाजवली. तेवढ्यात उषाबाई चहाचं ताट घेऊन आली. ताट ठेवायला जागा हवी म्हणून तिने एका हाताने सुई उचलली आणि रेकॉर्ड प्लेअर बाजूला सरकवला.

व्हायोलिन थांबलं. बासरी थांबली. ढोल वाजतच राहिला.

"बरं व्हयनं बाई," उषाबाई ओरडून म्हणाली, "कारखाना चालू व्हयना. भिंत हाली राहिनी. आज तरी झोप लागी!"

सगळे भिंतीकडे पाहू लागले. भिंत धड धड करत होती, गेली कित्येक वर्षं करत होती तशीच. सगळे त्या मागांवर राबलेले, त्यांच्याच आवाजात निजलेले. तो आवाज आहे हे कळायला तो बंद पडावा लागला, आणि बंद पडल्यावरही कळलं नव्हतं. सुकदेव तर ज्या कारखान्याला सुट्टी होती म्हणून तपासाला मोकळा झाला, त्या कारखान्यातच कामाला होता.

मग एकेकाला आपापली मतं आठवू लागली. जंगलातल्या सिनेमाच्या तबकडीत 'आदिवासी ढोल' कोणी ओळखला होता. एका दर्यावर्दी सिनेमातल्या 'लाटांच्या ताला'वर कोणी अर्धा तास बोलला होता. नायिका मरते त्या हळुवार तुकड्याला सुकदेव स्वतः म्हणाला होता, "एवढ्या दुःखातही ढोल थांबवला नाही, ही संगीतकाराची हिंमत." जगातल्या सगळ्या संगीतकारांना मंडळाने एकाच गोष्टीसाठी डोक्यावर घेतलं होतं, आणि ती त्यांच्यातल्या एकानेही केली नव्हती. सुकदेव खाटेवरून उतरला. उतरताना त्याने शक्य तितका कमी आवाज केला, पण तेवढ्या धडधडीत ते कोणाला ऐकू येणार!

फोन वाजला. चंचलचा निरोप होता, "काका, ढोल मळ्यो के? सापडला?" सुकदेवने लिहिलं, 'तपास अंतिम टप्प्यात आहे', आणि फोन उशीखाली सरकवला.

बाबुराव मात्र अजून भिंतीकडेच बघत होते. कामरेजला मुलाचं घर उसाच्या शेताकडेला आहे. तिथे दिवसभर एक पाखरू ओरडतं, तेवढाच काय तो आवाज. त्यांना मागांची आठवण येत होती आणि दर रविवारी बस पकडून ते त्या आठवणीला संगीतकाराचं नाव देत आले होते. आणि जो माणूस आयुष्यभर शेजारच्या मागावर उभा होता, त्याला त्यांनी चोर म्हटलं होतं. माफी मागायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण या वयात, एवढ्या लोकांत, गावच्या मित्राची माफी कशी मागतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

भटूच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. जावं की थांबावं हे त्याचं त्याला ठरवता येत नव्हतं.

शेवटी बाबुरावांनी मान जराशी तिरकी केली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "भटू," ते हळूच म्हणाले, "त्या कोपऱ्याना मागना पट्टा ढिला शे ना?"

भटूने कान दिला. बराच वेळ दिला. या प्रकरणाचा निकाल आता कुठल्याही गुप्तहेराच्या हातात नव्हता.

"पट्टा ढिला नई," भटू म्हणाला. "तुना कान ढिला शे."

बाबुराव हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. भटूने हातातली चप्पल खाली टाकली, येऊन त्यांना दंडाला धरून उठवलं, आणि दोघं भांडत भांडत तो पट्टा बघायला कारखान्यात गेले. त्यांचा चहा सुकदेव प्यायला. मत न देता.