खंडेनवमीचं कॅलिब्रेशन

दसऱ्याची सुट्टी संपवून फरिदाबादचा बिस्किट कारखाना उघडला आणि मिश्रणाचं कंट्रोल पॅनल आपल्याच मनाने वागायला लागलं. पडद्याला कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी ‘मीठ’ हे बटण आपोआप दाबलं जात होतं आणि गोड बिस्किटं खारट होऊन बाहेर पडत होती. हणमंत पॅनलकडे धावला. पॅनल त्यानेच बसवलेलं, आणि त्याची नोकरी पक्की करायची की नाही, हे मालक सिंगलाजी आजच ठरवणार होते.

“हणमंतजी, ये क्या तमाशा है?”

“कुछ नहीं सर, टच ज़रा सरक गया है. कैलिब्रेशन कर देता हूँ.”

पडद्याच्या कोपऱ्यांत फुल्या उमटतात, त्यांवर एकेक करून बोट टेकवायचं, की पडद्याला बोटाची जागा नीट कळते. हणमंताने टेकवलं. मीठ गप्प झालं, पण साखर सुटली. पुन्हा टेकवलं, तर भोंगा वाजायला लागला. त्याने बोट धुतलं, पुसलं, शेवटी बोटच बदललं. पण पॅनल काही बधेना.

“भूत है इसमें,” सिंगलाजी पुटपुटले.

हणमंताने बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. “द्वारका, नोकरी गेली समज.”

“अहो, असं कसं? खंडेनवमीला पॅनलची पूजा केलीत ना? कुंकवात छान भिजवून अक्षता दिल्या होत्या मी.”

“केली ना. निघताना चांगल्या मूठभर वाहिल्या...” हणमंत बोलता बोलता थांबला. “अच्छा, ठेव फोन!”

त्याने पॅनलची चौकट सैल केली. चौकट आणि पडद्याच्या फटीत तांदळाचा एक लालभडक दाणा इमानेइतबारे पडदा दाबून बसला होता. दाणा खिशात गेला, पुन्हा कॅलिब्रेशन झालं आणि पॅनल शहाण्यासारखं चालू लागलं.

“कमाल है! क्या किया?”

हणमंताला खोटं बोलवेना. “सर, वो मैंने पूजा की थी ना, उसके चावल...”

“बस, समझ गया! पूजा ने ही बचाया. नौकरी पक्की आपकी!”

हणमंताला इतका आनंद झाला, की पुढचं वाक्य तो गिळूनच बसला. तोंडावर पाणी मारून, द्वारकाला फोन करून तो परतला, तेव्हा सिंगलाजी रिकामं ताट घेऊन येत होते.

“कैंटीन से चावल मँगवाए, कुमकुम में भिगोए. बाकी सारे पैनल भी निपटा दिए. कोने-कोने में दबाके भरे हैं, गिरेंगे नहीं!”

हणमंत तोंड उघडणार, तोच भट्टीकडून एक भोंगा वाजला. मग दुसरा. मग सगळेच.

सिंगलाजींनी डोळे मिटून भक्तिभावाने हात जोडले.