माळ्यावरचा कॉम्प्युटर

आमच्या शेजारच्या इस्माईलचाचांचा कॉम्प्युटर दुमजली आहे. पडदा आणि कीबोर्ड खाली टेबलावर, आणि ज्याला बटण असतं तो डबा वर माळ्यावर, पत्र्याला टेकून. मध्ये लांबलचक वायरी आणि एक शिडी. महाडात पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारात शिरतं. पुराचा भोंगा झाला की आम्ही सगळेच सामान माळ्यावर चढवतो आणि पाणी ओसरलं की उतरवतो. चाचांनी डबा एकदा चढवला तो चढवलाच. विचारलं तर म्हणतात, "पाण्याचा भरोसा नाय."

दर शुक्रवारी दुपारी नमाज पढून आले की चाचा शिडी चढतात, "बिस्मिल्ला" म्हणून बटण दाबतात आणि पोट सांभाळत घाईघाईने खाली येतात. तोवर पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटून गरगरायला लागलेलं असतं. चाचा खुर्चीत टेकतात न टेकतात तोच फट्! पडदा काळा.

मग भिंतीपलीकडून हाक येते, "मास्तर, सेल्फ घेतो, पन गाडी उचलत नाय!"

मी हायस्कुलात गणित शिकवतो. गणित येतं त्याला कॉम्प्युटर येतोच, असं आमच्या गल्लीचं ठाम मत आहे. चाचांनी जन्मभर ट्रक चालवला, पोलादपूरवरून कशेडी घाट चढायचा आणि उतरायचा. त्यामुळे कॉम्प्युटरही त्यांना ट्रकच वाटतो. एकदा डब्याला धक्का मारून बघू म्हणाले, तेव्हा मी शिडी अडवून उभा राहिलो होतो.

या मशीनचा खरा डॉक्टर मात्र कतारला असतो. चाचांचा मुलगा सादिक. कॉलेजात असताना त्यानेच हे यंत्र घेतलं होतं. शुक्रवारी त्याला सुट्टी. त्याचा फोन आला की चाचा स्पीकर लावतात आणि सगळ्या गल्लीला उपचार ऐकू येतात.

"अब्बा, रॅम काढून पुसून लावलीत?"

"लावली रे. खोडरबराने घासून लावली."

"आता कीबोर्डची वायर काढून चालू करा बघू."

चाचा निघाले शिडीवर. फोन टेबलावरच. सादिक तिकडून ओरडतोय, "अब्बा, सावकाश! गुडघ्याची गोळी घेतलीत ना? जेवलात का?"

वरून उत्तर, "जेवलो! सुकटीची चटणी हाय अजून, येतोस काय?"

असं तासभर चालतं. चाची गेल्यापासून त्या घरात एवढा गलका फक्त शुक्रवारीच होतो.

शेवटी एकदा माझंच डोकं फिरलं. माळ्यावर जाऊन डब्याला हात लावला तर चटका बसला. वर भर दुपारचा पत्रा, आत पंख्याला धुळीची गोधडी. तापल्यावर ते यंत्र जीव वाचवायला स्वतःच बंद होत होतं. मी डबा खाली आणला, ब्रशने पंखा झाडला, टेबलाशेजारी स्टुलावर ठेवून बटण दाबलं. गुमान चालू झाला आणि चालूच राहिला. मी छाती फुगवून चाचांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरा झाला." तेही अशा आवाजात, की जणू मी काहीतरी फोडूनच ठेवलंय.

सादिकचा फोन आला. "चालू झाला? वा, मास्तरांना सलाम सांगा. तब्येत बरी ना? चला, मग ठेवतो अब्बा."

गल्लीत शांतता. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. चाचा चालू पडद्यासमोर एकटेच पत्ते खेळत बसायचे.

मग एका शुक्रवारी बघतो तर चाचा डबा खांद्यावर घेऊन शिडीला लागलेले. चैत्राचं ऊन, सावित्रीच्या पात्रात नुसते धोंडे.

"चाचा, हे काय?"

"पाण्याचा भरोसा नाय."

"अहो, नदीत गुडघाभर पाणी नाही! आणि वर तापून बंद पडतो तो, सांगितलं ना तुम्हाला?"

चाचा पायरीवरच टेकले. "मास्तर, जिंदगी घाटात गेली माझी. गाडी तापलेली मला कळत नाय काय रे?" मग हळूच म्हणाले, "चालू असला की पोरगा फोन ठेवतो. बंद असला की बोलतो."

मी त्यांच्या खांद्यावरचा डबा घेतला आणि मीच वर चढलो. वायरी जोडतोय तोच खाली फोन वाजला.

"सादिक, बेटा, परत उचलत नाय रे!" चाचांच्या आवाजात काय ती काळजी!

"असं कसं? थांबा अब्बा, आज मला वेळच वेळ आहे. पहिल्यापासून सांगा बघू."

मी माळ्यावरून डोकावून खुणेनेच विचारलं, बटण दाबू का?

चाचांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने मला थांब म्हणून सांगितलं.