पहारेकऱ्याचा डबा

एलिसेओ चायाशने आदल्या रात्री जेवताना बायकोला बजावून सांगितलं होतं, "उद्या तुझी आई येऊ दे, नाहीतर देशाचा राष्ट्राध्यक्ष येऊ दे. याशनाबच्या जंगलात नियम सगळ्यांना सारखा."

बायको एदेल्मिरा म्हणाली, "राष्ट्राध्यक्ष ऐकेल हो. आईचं मी सांगू शकत नाही."

एलिसेओ हसला. तो याशनाबच्या जंगलातल्या, प्राचीन माया लोकांच्या पडक्या देवळांवर पहारेकरी होता. जुन्या मुकादमाच्या जागी आता त्याचंच नाव लागणार, असं सगळे धरून चालले होते, आणि त्यामुळे त्याची छाती गेले काही दिवस सदऱ्यात मावत नव्हती. रोज गेटवर उभं राहून तो पाहुण्यांना खड्या आवाजात ऐकवायचा: देवळावर चढायचं नाही, कोरीव दगडाला हात लावायचा नाही, झाडाचं पान तोडायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, खाणं आत न्यायचं नाही आणि जनावरांना तर दाणासुद्धा घालायचा नाही.

रविवारी सकाळी तळ्याकाठच्या गावातून मिनीबस आली. तिच्यातून एदेल्मिराची आई क्रिसांता उतरली; मानाने सगळे तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे. मागून तिची टोपली उतरली. टोपली उतरवायला दोन माणसं लागली. आत मक्याच्या पिठात कोंबडी भरून, केळीच्या पानात बांधून उकडलेले तमाल होते, अजून वाफाळत होते. वरून घट्ट बांधलेला भरतकामाचा रुमाल.

"दोन्या क्रिसांता, हे आत नेता येणार नाही," एलिसेओ अदबीने म्हणाला. "इथे गेटजवळच्या शेडमध्ये बसून खायचं."

"पोरा, आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. आत्ता कोण खातं?"

"मग परत येताना खा. तोवर टोपली इथे ठेवा."

"इथे? कुत्र्यांसाठी पहाटे उठून केलं का मी हे?" दोन्या क्रिसांताने कमरेवर हात ठेवले. "तुझ्या लग्नात माझेच तमाल तू पायरीवर बसून खाल्ले होतेस. तेव्हा नाही आठवला कुठला नियम?"

मागे रांग खोळंबली. एदेल्मिरा आभाळाकडे बघू लागली. एलिसेओला घाम फुटला. एकीकडे मुकादमी, दुसरीकडे सासू. मग त्याला एक युक्ती सुचली, आणि ती आपल्यालाच सुचली याचा त्याला अभिमानही वाटला. पहारेकऱ्यांना आपला डबा आतल्या चौकातल्या खोपटात ठेवायची परवानगी होती. तो गेटवरच्या फाउस्तोला म्हणाला, "हा माझा डबा."

फाउस्तोने टोपलीकडे पाहिलं, मग एलिसेओकडे. "एवढा?"

"हल्ली भूक लागते."

टोपली खोपटात गेली. खोपटाची कडी नीट लागत नव्हती, म्हणून एलिसेओने दाराला एक दगड लावला आणि निर्धास्तपणे सासूला चौक दाखवायला निघाला.

दोन्या क्रिसांताने पहिल्याच वळणावर एक पान तोडलं. "पोटदुखीवर चांगलं असतं." पुढे एका कोरीव शिळेवरच्या राजाच्या गालावरून तिने मायेने हात फिरवला. "किती वाळलाय बिचारा." एलिसेओ दर वेळी आजूबाजूला बघायचा आणि दबक्या आवाजात "दोन्या क्रिसांता, कृपा करा" म्हणायचा.

एवढ्यात मागून लोकांच्या हसण्याचा आवाज आला. एलिसेओने वळून पाहिलं.

खोपटाचं दार सताड उघडं होतं आणि पिसोतेंची आख्खी टोळी बाहेर येत होती. हे लांब नाकाचे, मांजराएवढे प्राणी शेपट्या उभ्या करून चालतात. आज ते मिरवणुकीत झेंडे नाचवावेत तसे चालले होते, आणि प्रत्येकाच्या तोंडात एकेक तमाल होता. एका पिल्लाने केळीचं पान शालीसारखं पांघरलं होतं. पाहुणे खाली बसून फोटो काढत होते. एका बाईने पिल्लापुढे हात धरला होता, आणि पिसोतेचा दात कसा लागतो हे एलिसेओला चांगलं माहीत होतं.

"मागे व्हा! हात काढा!" तो ओरडत धावला. त्याच्या आवाजाने झाडावरची माकडं त्याच्याहून मोठ्याने ओरडायला लागली. पिसोते बिथरले आणि सरळ मोठ्या देवळाच्या पायऱ्या चढले. सगळ्यात दांडगा नर बरीचशी रिकामी झालेली टोपलीच ओढत होता, रुमालासकट.

"माझ्या आईचा रुमाल आहे तो," दोन्या क्रिसांता खालून कळवळून म्हणाली.

एलिसेओने पुढे जे केलं ते काही विचार करून केलं नाही. तो पायऱ्या चढला. टोपली हिसकावली, तर सगळी टोळी त्याच्या पायांशी झोंबू लागली. आता यांना माणसांपासून लांब न्यायचं कसं? टोपलीत उरलेले तमाल त्याने एकेक करून देवळामागच्या झाडीत भिरकावायला सुरुवात केली. "जा, तिकडे जा, खा जा तिकडे!"

पिसोते झाडीकडे पळाले. चौक शांत झाला. आणि त्या शांततेत खालून एक आवाज आला.

"चायाश, खाली या."

इंजिनिअरबाई ओतिलिया, उद्यानाच्या प्रमुख, राजधानीहून आलेल्या पाहुण्यांबरोबर उभ्या होत्या. एलिसेओ हातात रुमाल घेऊन खाली उतरला.

"पाहुण्यांना नियम सांगा," बाई म्हणाल्या.

एलिसेओने घसा खाकरला. "देवळावर चढायचं नाही. आरडाओरडा करायचा नाही. खाणं आत आणायचं नाही." आणि तो हातातल्या रुमालाची घडी घालू लागला.

"जनावरांना..." बाईंनी आठवण करून दिली.

"दाणासुद्धा घालायचा नाही."

"टोपली कोणाची?"

एलिसेओ तोंड उघडणार, तेवढ्यात सासू जावयाच्या मदतीला धावली. "त्याचीच, बाई. त्याचाच डबा. गेटवर त्याने स्वतः सांगितलंय, विचारा हवं तर."

नियम मोडणाऱ्या पाहुण्याला दिवसभरासाठी बाहेर काढतात. एलिसेओलाही काढलं. त्याच्यामागे गेट लावताना फाउस्तोचे खांदे हसून गदगदा हलत होते. दुपारभर एलिसेओ बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मिनीबस बघत राहिला. मुकादमी गेली, नोकरीही बहुतेक गेलीच, आणि तमाल एकही मिळाला नाही.

संध्याकाळी माणसं बाहेर आली. दोन्या क्रिसांता खुशीत होती. "एक उंच पोरगा देवळाच्या पायरीवर चढत होता. मी त्याला हाताला धरून खाली उतरवला. तुझ्या त्या बाईने पाहिलं, आणि मग माझ्याशी किती वेळ बोलत बसली."

"माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

"म्हणाली की. तुझ्याबद्दलच चाललं होतं."

एलिसेओ बाकावर सावरून बसला. "काय म्हणाल्या?"

"विचारत होती, याच्या जागी ठेवायला तुम्हाला दुसरा जावई आहे का."

एदेल्मिराने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, आहे, पण तो याच्याहून जास्त खातो," दोन्या क्रिसांता शांतपणे म्हणाली. "तर म्हणाली, मग राहू दे, हाच बरा."