काढून बघणारे वाघ सर

२००४ च्या जानेवारीत एका रविवारी सकाळी सातपूरच्या आमच्या सोसायटीतला पाण्याचा पंप बंद पडला. बिघाड नव्हता. आमच्या शेजारच्या वाघ सरांनी फ्यूज काढून खिशात ठेवला होता. आधी कोण ओरडतं, ते त्यांना बघायचं होतं.

वाघ सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. घरी संगणकावर यीस्टच्या पेशीतलं कोणतं जनुक कोणाला चालू-बंद करतं, याचं जाळं मांडत बसत. एखाद्या जनुकाचं काम कळायचं तर ते काढून टाकायचं. जे बंद पडेल ते त्याचं काम. ही रीत त्यांनी पेशीपुरती ठेवली नाही. "काढून बघू," म्हणत आणि काढत. गणपतीत आरतीचे टाळ काढले. आरती लवकर संपली. सभेतून सेक्रेटरींची खुर्ची काढली. सभाही लवकर संपली. दोन्ही निरीक्षणं ते लग्नाच्या पंगतीत सांगत.

संध्याकाळपर्यंत काढलेली वस्तू जागेवर येई. सर परत लावतात, असा आमचा समज होता. सोसायटीवाले लावतात, असा सरांचा.

वाघ काकू कमी बोलत. पंपाच्या दिवशी जिन्यात एवढंच म्हणाल्या, "अहो, एकदा मला काढून बघा."

त्याच वर्षी पावसाळ्यात काकू आजारी पडल्या आणि गेल्या.

सरांचं काही अडलं नाही. डबा आमच्याकडून जाई, मोलकरीण येई, मुलगी बंगळुरूहून फोन करी. सरांना हेच खुपलं.

"काहीच बंद पडलं नाही, पाटील," ते मला म्हणाले. "म्हणजे ती काही करतच नव्हती, असा अर्थ निघतो."

मग त्यांनीच समजावलं. पेशीतही असं होतं. एक जनुक काढलं की दुसरं त्याचा भार उचलतं. पहिल्याचं काम दिसायला दुसरंही काढावं लागतं.

दुसऱ्या दिवशी आमचा डबा परत आला. मोलकरणीला त्यांनी सुट्टी दिली, फोनची वायर काढली. मुलीने घाबरून आमच्याकडे फोन केला. सर कच्चा-पक्का वरणभात खात आणि म्हणत, भूक लागते, घर मळतं. पण ते काम कुणीही केलं असतं. तिचं म्हणून काय होतं?

दिवाळीच्या आधी वरच्या मजल्यावरच्या आजी अंधारात पायरी चुकल्या. थोडक्यात वाचल्या. त्या संध्याकाळी सरांनी आमचं दार वाजवलं. हातात जिन्यातला बल्ब होता. आठवड्यापूर्वी त्यांनीच काढल्यापासून तो त्यांच्या संगणकाजवळच पडून होता.

"हा कुणी परत लावलाच नाही," सर म्हणाले. "फ्यूज, टाळ, खुर्ची. सगळं तीच लावत होती."

त्यांनी स्टूल मागितलं. मी ते धरून उभा राहिलो. जिन्यात उजेड पडला.

घरी जाऊन त्यांनी फोनची वायर लावली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून ते मुलीशी बोलताना ऐकू आले.