शेवग्याच्या शेंगांआडून भूत

गेल्या पोंगलनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, खालच्या मजल्यावरचे राव माझ्या घरी आले, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "तंबी, भूत लावा."

त्याआधी आमची ओळख जिन्यापुरती होती. मी नाशिकहून नोकरीसाठी चेन्नईत आलेलो, एका वर्तमानपत्रात उपसंपादक. राव तंजावरच्या मराठी घरातले. चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरातल्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. पश्चिम तांबरममधल्या आमच्या इमारतीत मराठी बोलणारी घरे दोनच. आपल्याहून लहान माणसाला ते तमिळ रिवाजाप्रमाणे 'तंबी' म्हणतात. बाकी सगळे त्यांच्या घरच्या मराठीत, जी माझ्या मराठीपेक्षा बरीच वडीलधारी आहे.

इमारतीत राव प्रसिद्ध होते ते किंकाळ्यांसाठी. बऱ्याच संध्याकाळी त्यांच्या दारातून बायकांच्या किंकाळ्या, कुऱ्हाडीचे घाव आणि ऑर्गनचे सूर ऐकू येत. टीव्हीवरचे. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाईंनी असोसिएशनच्या बैठकीत विषय काढला होता. "राव सार, या वयात भक्तिगीतं लावावीत." राव म्हणाले, "सेरि म्मा, बरें, आवाज कमी करतों." देशोदेशीचे भयपट बघणारा म्हातारा, असे त्यांच्याबद्दल सर्वांचे मत झाले. ते त्यांनी खोडून काढल्याचे कुणाला आठवत नाही. त्यांच्या पत्नी सुगुणाबाई, ज्या पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत, वर्षभर खाली उतरल्या नव्हत्या. त्याचा संबंधही काहींनी किंकाळ्यांशी जोडला होता.

त्यामुळे पहिल्याच रविवारी जे दिसले त्याचा अर्थ लागेना. या गृहस्थांना भयपट बघता येत नव्हता. त्यांनी आधी पडदे उघडायला लावले, मग दिवे लावायला, मग पंखा कमी करायला, कारण पडदा हलला की लक्ष जाते. घराचे दार उघडे ठेवले. भूत यायची चिन्हे दिसताच त्यांनी पिशवीतून शेवग्याच्या दोन शेंगा काढल्या, खिडकीच्या गजांसारख्या डोळ्यांसमोर धरल्या आणि मधल्या फटीतून पाहिले.

"काका, एवढी भीती वाटते तर बघता कशाला?"

"भीती कोण म्हणतो? लक्ष एकाग्र होतें."

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. पुन्हा शेंगा होत्या. सिनेमाचे नाव ते जिन्यात पुटपुटत येत, म्हणजे विसरायला नको. सिनेमे नेहमी परके, खाली इंग्रजी अक्षरे असलेले. ती वाचायला राव जाड चष्मा लावत. त्याशिवाय त्यांना माझा टीव्हीही आयत दिसतो, इतकेच, असे त्यांनी स्वतः सांगितले.

बघून झाल्यावर ते मत देत. मत कारखान्यातले असे. थायलंडच्या एका दंतवैद्यिणीच्या सिनेमात उपटलेले दात रात्री बोलतात. रावांचे मत: "दात पास. बाई रिजेक्ट. हातमोजे घातले नाहीत." एका जुन्या इटालियन सिनेमाबद्दल, ज्यासाठी लोक म्हणे रांगा लावतात: "रक्त पातळ. आमच्या घरचें सार ह्याहून दाट. रीवर्क." नॉर्वेतल्या एका सिनेमात तासभर बर्फ पडतो आणि काहीच होत नाही. तो त्यांना फार आवडला.

पण मतापेक्षा शंका जास्त. शंकेला ते चेन्नईच्या पद्धतीने 'डौट' म्हणत आणि वर्गातल्यासारखा हात वर करत. हात वर झाला की मी सिनेमा थांबवायचा.

तमिळ मासी महिन्यातल्या, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनातल्या, एका रविवारी हंगेरीचा सिनेमा होता. एका शिंप्याचे शिवणयंत्र रात्री आपोआप कोट शिवते, आणि तो कोट ज्याला नीट बसतो तो मरतो.

"एक डौट. ही बाई कोण?"

"शिंप्याची बायको."

"ती मेली ना मघां?"

"मेली ती पहिली. ही दुसरी."

"मग पहिलीचा कोट हिने कां घातला?"

"त्याचाच सिनेमा आहे, काका."

"आणि ही मुलगी?"

"पहिलीची. ती बहुतेक सुरुवातीपासूनच मेलेली आहे."

राव शेंगा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "मेलेली मुलगी सकाळीं दूध कां पिते?"

आम्ही तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. मुलगी पेला तोंडाला लावत होती. पडद्यावरच्या अक्षरांत दुधाबद्दल काही नव्हते.

"तंबी, नीट सांगा. सहाच्या आंत मज हें सगळें कळलें पायजे."

"सहाला काय आहे?"

"आज चुकलों तर टीव्ही आवडीला जाईल."

आवडीला त्यांची मुलगी राहते, हे मला माहीत होते. टीव्ही तिकडे का जाणार आणि त्यात हंगेरीच्या शिंप्याचा काय संबंध, हे विचारले तर ते म्हणाले, "पहिली बायको, दुसरी बायको, मुलगी. अगोदर कोण मेलें तें परत एकदां सांगा." मी सांगितले. त्यांनी ते डोळे मिटून म्हणून दाखवले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर आले. मग पिशवी उचलून निघून गेले.

चष्मा टीपॉयवर राहिला. मला तो संध्याकाळी दिसला. सहा वाजून गेले होते. ज्या कशासाठी त्यांना चष्मा लागणार होता ते सुरू झाले असणार, म्हणून मी तो खिशात घालून धावत खाली गेलो. दार लोटलेलेच होते, ते ढकलून मी आत शिरलो.

टीव्हीवर हंगेरीचा शिंपी होता. सुगुणाबाई समोर बसल्या होत्या. राव त्यांच्यासमोर वेताचा मोढा ओढून बसले होते, टीव्हीकडे पाठ करून. शिंपी आपल्या भाषेत काही बोलला.

"म्हणतो, हा कोट मी शिवला नाही," राव म्हणाले.

शिंप्याची बायको काही बोलली.

"दुसरी आहे ही, सुगुणा. पहिली भिंतीवर, फोटोंत. विचारते, मग यंत्रांत दोरा कोणी ओवला?"

त्यांनी एकदाही मागे पाहिले नाही. वाक्ये बरोबर होती.

"कोण आलें?" सुगुणाबाईंनी मान वळवली, पण माझ्या बाजूला नाही, दाराच्या फटीकडे. मधुमेहाने त्यांचे डोळे गेले आहेत, हे मला तेव्हा कळले.

"वरचा तंबी. मराठी बोलतो तो."

"बसा. मधें बोलूं नका." मग त्याच मधे बोलल्या. "हे सिनेमे माझे हो. किती वर्षें मीच बघत आलें. हे आंतल्या खोलींत, कानांत कापूस घालून. अक्षरें दिसेनात तेव्हां म्हटलें, टीव्ही मुलीकडे देऊन टाका, नुसत्या किंकाळ्या ऐकून काय करूं? तर म्हणाले, मी सांगतों. पहिल्याच दिवशीं म्हणाले, नवरा मेला. अर्ध्या तासाने तोच जेवायला बसला. मी म्हटलें, परत एकदां असें झालें कीं टीव्ही आवडीला."

"झालें तें झालें," राव म्हणाले.

"पण आतां बघा. शेंगा आणायला जातात तेवढेच, बाकी दिवसभर घरांत. आणि पहिल्यांदाच बघतांना एक नांव चुकत नाही. मज दोनदां बघावें लागायचें."

रावांनी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा खिशात आणखी खाली ढकलला.

यंत्राचा आवाज सुरू झाला. सुगुणाबाईंनी हात पुढे करून रावांचे मनगट धरले. "आतां येईल ती. डोळे मिटा."

"मिटले," राव म्हणाले. त्यांचे डोळे उघडे होते आणि सुगुणाबाईंच्या चेहऱ्यावर होते.

किंकाळी झाली. सुगुणाबाई हसल्या. "चांगली होती," त्या म्हणाल्या.

मग दुधाचा प्रसंग आला. राव अडखळले. "सुगुणा, इथें एक डौट आहे. मुलगी मेलेली आहे, आणि दूध पिते."

"पीत नसेल. पेला खालीं ठेवल्याचा आवाज जड आला. पेला भरलेला असेल, बघा."

राव वळले. डोळे बारीक करून थोडा वेळ टीव्हीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तंबी, तुम्ही बघा."

मी पाहिले. पेला काठोकाठ भरलेला होता. सकाळी आम्ही दोघांनी तो दोनदा पाहिला होता.

"भरलेला आहे," मी म्हणालो.

"पास," राव म्हणाले आणि पुन्हा पाठ करून बसले.

सिनेमा आठच्या सुमारास संपला. चष्मा तोपर्यंत माझ्याच खिशात होता. टीव्ही अजून तांबरममध्ये आहे.