लग्नातल्या पँटीची साक्ष

वजनकाटे दुरुस्त करण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. किराणा दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत सगळ्यांचे काटे तेच सरळ करत. स्वतः मात्र काट्यावर कधी उभे राहिले नाहीत. गरजच काय? लग्नातली पँट अजून अंगात जात होती! बायको होती तेव्हा दर वाढदिवसाला ती चढवून ते आरशासमोर उभे राहत आणि म्हणत, "माझ्याकडे बघ आणि स्वतःकडे बघ." ती तोंडात दोरा धरून नुसती हसायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून पँट जरा आवळत होती, पण तो दोष काकांच्या मते साबणाचा.

कोरोना झाला तेव्हा डॉक्टरबाईंनी फोनवर विचारलं, "वजन किती?"

"अडुसष्ट."

"बाबा, खरं सांगा," मुलगी दारातून म्हणाली.

"पँट साक्षीला आहे."

"मग सध्या घरीच राहा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ऑक्सिजन मोजत राहा."

तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन नव्वदच्या खाली घसरला. अडुसष्ट किलोचा पेशंट म्हणून ॲम्ब्युलन्समधून दोनच माणसं खुर्ची घेऊन वर आली. चारचौघांत बरं दिसावं म्हणून काकांनी तीच पँट चढवली होती. एक मजला उतरल्यावर पुढच्याने खुर्ची टेकवली.

"काका, खिशात वजनं ठेवलीत का?"

काकांना उत्तर द्यायलाही दम नव्हता. आणखी दोघं बोलावण्यात अर्धा तास गेला.

दवाखान्यातल्या काट्यावर आकडा आला, एकशे तीन.

"काटा... खोटा आहे," काका धापा टाकत म्हणाले.

"तपासल्याची चिठ्ठी आहे यावर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सही तुमचीच. अहो, वजन काय मी सोयरीक जमवायला विचारलं होतं? पोटावरची चरबी फुप्फुसं पुरती फुगू देत नाही. अशा अंगात प्रतिकारशक्ती कधी उशिरा जागी होते, आणि जागी झाली की आपलंच घर पेटवते. खरं सांगितलं असतंत, तर पहिल्याच दिवशी दाखल करून घेतलं असतं."

काकांनी डोळे मिटून घेतले.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. "बाबा, तुमची पँट धुतली. आतून कधी बघितलीत? कंबरेला पट्ट्या जोडल्यात. पाच. प्रत्येकीचा दोरा वेगळा. शेवटची आईने आजारपणात लावली असणार, टाके वाकडे आहेत."

काकांनी फोन तसाच कानाला धरून ठेवला. त्यांना दम लागला असेल असं समजून तिने फोन ठेवला.

सोळा दिवसांनी काका घरी आले, बारा किलो उतरून, त्याच पँटीत, कंबर मुठीत धरून. थेट बायकोच्या फोटोसमोर गेले. बरंच बोलायचं ठरवलं होतं. "चुकलो गं," एवढंच निघालं. मग त्यांनी दोन्ही हातांनी कान पकडले.

पँट घोट्यांपर्यंत खाली आली.

दारातल्या मुलीने तोंड फिरवलं. "आधी ती वर घ्या," ती म्हणाली. "सुईदोरा आईच्या डब्यात आहे."